विजेचा हिशेब विहिरीच्या तळाशी

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. १९९१ पासून तो पाळला जातो. शाळांत चित्रकला स्पर्धा होतात, कार्यालयांत शपथ घेतली जाते, खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करण्याची आठवण दिली जाते. यात गैर काही नाही. एलईडी दिव्यांमुळे घरोघरची बरीच वीज खरोखरच वाचली आहे. पण मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यात हा दिवस मनापासून पाळायचा असेल, तर सुरुवात घरातल्या बटणापासून करून भागणार नाही. तिथली वीज घरापेक्षा शिवारात जास्त खर्च होते. राज्यात ४५ लाखांहून अधिक कृषिपंप आहेत, आणि त्यातला प्रत्येक पंप किती वीज ओढणार हे सर्वात आधी ठरते ते पाणी किती खोल गेले आहे त्यावर.

साधा हिशेब करू. एक एकराला दोन इंच पाणी द्यायचे म्हणजे सुमारे दोन लाख लिटर पाणी वर आणायचे. पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर ६० फुटांवरच्या विहिरीतून एवढे पाणी उपसायला साधारण २५ युनिट वीज लागते. तेच पाणी ५०० फुटांवरच्या बोअरमधून काढायचे तर दोनशे युनिटही पुरत नाहीत. पीक तेच, एकर तोच, वीज मात्र आठपट. पाणी जितके खाली जाईल तितका हा आकडा चढत जाणार. कितीही तारे मिरवणारा पंप आणला तरी त्याला ही खोली बुजवता येत नाही.

आणि पाणी खाली का जाते? उपसा वाढला हे एक कारण, ते आपल्या हातचे. दुसरे कारण आभाळात आहे. पावसाची वार्षिक सरासरी कागदावर गाठली जाते, पण पाऊस पडतो मोजक्या दिवसांत, धो धो. आपल्या पायाखालचा काळा पाषाण मुळातच फारसे पाणी धरून ठेवत नाही. त्याला रिमझिम, मुरवणीचा पाऊस लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना-मांजराच्या काठाने जे झाले ते आठवावे. मातीसकट शेते खरवडून गेली, विहिरी गाळाने बुजल्या. त्याच्या दोनच वर्षे आधीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला होता. असा महिना-महिनाभराचा खंड पडला की सोयाबीन माना टाकते आणि एरवी ज्या पिकाला पावसाळ्यात मोटारीची गरज पडत नसे, त्याला भर ऑगस्टमध्ये पाणी द्यावे लागते. उन्हाळे तापत चाललेत, पिकांची तहानही त्याबरोबर वाढते. म्हणजे हवामान बदलते तसा पंप जास्त तास चालतो, आणि जास्त खोलीवरून ओढतो.

हे चक्र इथेच थांबत नाही. राज्याची बहुतेक वीज आजही कोळशाची, आणि कोळशाच्या विजेलाही पाणी लागतेच. परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले, २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. ज्या बीड जिल्ह्यात पाणी उपसायला वीज हवी होती, त्याच जिल्ह्यात पाणी नाही म्हणून वीजनिर्मिती थांबली.

गावातली रात्रीची लाइट ज्याने अनुभवली आहे त्याला बाकीचे सांगायला नको. थ्री फेज रात्री दहाला येणार, म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन दारे धरायला निघतो. चिखलात पाय, डोक्यात बिबट्या आणि साप. हे नको म्हणून स्टार्टरच्या पेटीत ‘ऑटो’ बसवला जातो, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू. सगळ्यांचेच ऑटो, त्यामुळे लाइट येताच डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम उठतात. दाब कोसळतो, मोटार गुरगुरते, तापते, जळते, कधी डीपीच उडते. मग ऐन पाणीपाळीत आठ-आठ दिवस अंधार. जळालेली मोटार स्वस्तात रिवाइंडिंग करून येते आणि पहिल्यापेक्षा जास्त वीज खाऊ लागते. यावर उपाय महागडा नाही. एका डीपीवरच्या सर्वांनी मिळून ऑटो काढायचे, प्रत्येक पंपाला कपॅसिटर लावायचा आणि पाळ्या ठरवून घ्यायच्या. अट एकच, सर्वांनी मिळून. एकट्याने ऑटो काढला तर त्याचेच पीक वाळते.

‘सर्वांनी मिळून’ हे स्वप्नरंजन नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते करून दाखवले आहे. जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर श्रमदानातून बांधबंदिस्ती, चर, झाडे झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिथला ताळेबंद. पावसाळा सरला की किती पाऊस झाला, विहिरींना किती पाणी आहे, हे ग्रामसभेपुढे मांडले जाते. माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढतात, उरलेल्यातून रब्बीत काय पेरायचे ते ठरवतात. पाऊस कमी तर पेराही कमी. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. हे नियम पाण्यासाठी केले गेले. पण पाणी उथळ राहिले की वरच्या हिशेबातली आठपट वीजही वाचते, आणि या बचतीची नोंद ऊर्जा संवर्धनाच्या कुठल्याच तक्त्यात सहसा दिसत नाही.

आता सौरऊर्जेचे. राळेगणसिद्धीत सुरू झालेल्या सौर कृषिवाहिनीच्या प्रयोगाचा विस्तार राज्यभर होतो आहे, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळू लागली आहे. रात्रीचे हाल थांबणे ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिलही २०२४ पासून माफ आहे. मात्र बिल नाही आणि ऊन फुकट, अशा स्थितीत मोटार बंद करायचे कारण एकच उरते, विहीर आटणे. पॅनेल स्वच्छ ऊर्जा देते. भूजल भरून देत नाही. २००९ चा भूजल अधिनियम अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई करतो, तरी बोअरच्या गाड्या शिवारात येतच राहतात. यात दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. डोळ्यांदेखत मोसंबीची बाग वाळत असताना कर्ज काढून बोअर घेणारा माणूस हौसेने खोल जात नाही. शेजाऱ्याने आणखी शंभर फूट नेले की याची विहीर कोरडी पडते, म्हणून तोही जातो. ही शर्यत कायद्याच्या कलमाने थांबलेली नाही. ती गावाने एकत्र बसूनच थांबेल, आणि तसे बसणाऱ्या गावाला शासनाने काही दिले पाहिजे. सौर वाहिनी, ठिबकचे अनुदान, ज्वारी-हरभऱ्याला खात्रीचा भाव, यात पाण्याचा ताळेबंद पाळणाऱ्या गावांचा नंबर पहिला लागावा. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे आणि ज्वारीला नाही, तोवर कमी पाण्याच्या पिकाचा उपदेश पोकळच राहणार.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. अनेक पंपांना मीटर नाहीत हे खरे, पण वाहिनीवर मीटर असतो आणि डीपीवर बसवता येतो. येत्या जानेवारीची पातळी आणि त्या महिन्यात गावाच्या पंपांनी ओढलेली वीज, हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायला खडूखेरीज काही लागत नाही. मार्चमध्ये त्याखाली पुढची ओळ लिहावी, आणि उन्हाळी पिकाचा निर्णय त्या फळ्यासमोर बसून घ्यावा.