सुट्टी कुणाची, डोंगर कुणाचा?

शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघायचे, शनिवारी पहाटे सह्याद्रीच्या पठारावर योगासने करायची, दुपारी एखादा गड नाहीतर लेणी पायी चढायची, रात्री शेकोटीभोवती ध्यानाला बसायचे आणि रविवारी संध्याकाळी ताजेतवाने होऊन घरी परतायचे. अशा दोन दिवसांच्या शिबिरांच्या जाहिराती आता परभणीत मोबाइलवर येऊन पडतात. पुण्यात कंपनीत नोकरीला लागलेली आपल्या समाजाची मुले-मुलीही लोणावळ्याला, कर्जतला अशा शिबिरांना जातात. त्यांनी जाऊ नये असे सांगण्यासाठी हा लेख नाही. जरूर जावे. पण जाताना तीन प्रश्न सोबत न्यावेत. ही सुट्टी कुणी मिळवून दिली? तो डोंगर कुणाचा? आणि ज्यांच्या वाट्याला सुट्टीच नाही त्यांचे काय?

काही कार्यकर्ते म्हणतील, वकीलसाहेब, परभणीत बसून सहलीच्या गोष्टी कसल्या करता? 10 डिसेंबर 2024 रोजी याच शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. असे घाव ताजे असताना डोंगर आणि योग कुणाला सुचतो? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तरही चळवळीच्याच इतिहासात आहे. विश्रांती हा आपल्याकडे कधीच चैनीचा विषय नव्हता, तो हक्काचा विषय होता.

ज्या रविवारच्या जोरावर हा सगळा पर्यटनाचा धंदा उभा आहे, तो रविवार गिरणी कामगारांना कुणी दिला? जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, निवेदने दिली आणि 1890 मध्ये मालकांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य करावी लागली. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी ती वाट रुंद केली. 1945 च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला पगारी रजा मिळाली. 1946 च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले. आज वातानुकूलित कचेरीत बसून शनिवार-रविवारचा बेत आखणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? जाहिरातीत योगगुरूचा फोटो असतो. लोखंड्यांचा फोटो कुठेच नसतो.

संविधानाचे अनुच्छेद 43 आपण वाचतो ते निर्वाह वेतनासाठी. त्याच अनुच्छेदात कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळाव्यात, हेही राज्याचे उद्दिष्ट म्हणून लिहिले आहे. मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही, हे खरे. पण फुरसत हा शब्द संविधानात आला आहे, हे आपण विसरता कामा नये.

आता दुसरा प्रश्न. सहलीला जाणे आपल्या लोकांसाठी कधी सोपे होते का? 1934 साली बाबासाहेब आणि चळवळीतील सुमारे तीस माणसे वेरूळची लेणी पाहायला निघाली होती. वाटेत ती दौलताबादच्या किल्ल्यावर थांबली. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून काहींनी दारातल्या टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले. लगेच एका वृद्ध मुस्लिम गृहस्थाने टाके बाटवल्याचा आरडाओरडा केला, जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो सोबत हत्यारी शिपाई देऊन. आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. हिंदूंसाठी जो अस्पृश्य तो इतरांसाठीही अस्पृश्यच ठरतो, जातीचा रोग धर्माच्या भिंती ओलांडतो, हे त्यांना तिथे दिसले. हे दौलताबाद आपल्याच मराठवाड्यातले, आणि परभणी जिल्हाही तेव्हा त्याच निजामी राज्यात होता.

म्हणून अनुच्छेद 15 मधील शब्द नीट वाचा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. या यादीतील तलाव हा शब्द मी वाचतो तेव्हा मला चवदार तळे आठवते तसे दौलताबादचे टाकेही आठवते. आज आपली मुलगी पाठीवर पिशवी टाकून कुठल्याही गडावर जाते, वाटेतल्या टाक्याचे पाणी पिते आणि तिला कुणी जात विचारत नाही, तेव्हा ती हे अनुच्छेद जगत असते.

आणि हे डोंगर तरी काय मुके आहेत? राजमाचीला निघालेले गट कर्जतकडून चढताना कोंढाण्याच्या लेण्यांवरून जातात. लोहगड चढणारे भाज्याच्या लेण्यांजवळून जातात. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. बहुतेकांना तिथे फोटोसाठी दगडी कमान दिसते. आपल्याला तिथे भिक्खू संघ दिसला पाहिजे. नाशिकची त्रिरश्मी लेणी अजूनही पांडवलेणी म्हणून सांगितली जातात. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे. कुणाच्या श्रद्धेशी आपले भांडण नाही. परंतु लेणी कुणी कोरली हे मार्गदर्शकाने सांगायला नको काय?

ती राजांनी कोरली तशी कष्टकऱ्यांनीही कोरली. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे द्वार धेनुकाकटच्या एका सुताराचे काम आहे, हे तिथला शिलालेख सांगतो. नाशिकला एका कोळ्याने कुटुंबासह लेणे दान दिले. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची दाने आहेत. ज्यांना पुढे मनुवादी व्यवस्थेने हलके ठरवले, त्या हातांनी आपली नावे दोन हजार वर्षांपूर्वी या कातळावर लिहून ठेवली आहेत. आपली पोरे आता धम्मलिपी शिकून ही नावे स्वतः वाचू लागली आहेत, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे.

ही लेणी जगापासून पळून गेलेल्यांची ठिकाणे नव्हती. ती नाणेघाट, बोरघाट, थळघाट अशा व्यापारी वाटांच्या कडेने आहेत. भिक्खू पावसाळ्यात तिथे वर्षावास करीत आणि बाकीचे महिने गावोगाव फिरून धम्म सांगत. आजचे शिबिर सांगते, दोन दिवस सगळे विसरा. भगवान बुद्धांचे ध्यान सांगते, आहे ते जागेपणी पाहा. स्वतः बुद्धांनी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यानमार्ग शिकून घेतला, पण जगातल्या दुःखाचे उत्तर तिथे मिळेना म्हणून ते पुढे निघाले. शरीर वळवायला शिकवणारा योग चांगला आहे, कुणा एकाच्या मालकीचा नाही. 21 जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन 2015 पासून साजरा होतो, त्यालाही हरकत नाही. पण पंचशील आणि समता गाळून उरलेले ध्यान हजारो रुपयांना विकले जाते, तेव्हा ते मालकाच्या उपयोगाचे ठरते. दमलेला नोकर सोमवारी पुन्हा मुकाट्याने राबावा, एवढाच त्याचा हेतू राहतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात. तिथे शुल्क घेत नाहीत, दानावर चालते. तुलना ज्याची त्याने करावी.

तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे. आपल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर भागातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस ताप आला आणि फडावर गेले नाही तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. बाईच्या पाळीच्या दिवसांनाही सूट नाही. लोखंड्यांचा रविवार या फडापर्यंत अजून पोहोचलेला नाही. अशा कुटुंबांचे हिशेब माझ्यासमोर येतात, तेव्हा त्यात आठवड्याच्या सुट्टीचा रकाना नसतो. ज्या रस्त्याने शिबिराच्या गाड्या जातात, त्याच रस्त्याच्या कडेला यांच्या कोप्या असतात.

आणि ज्यांना सुट्टी आहे त्यांचीही पुरती शाश्वती राहिलेली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजचे तास 9 वरून 12 आणि दुकाने-आस्थापनांत 9 वरून 10 करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा कायम आहे, कामगाराची संमती लागेल, असे सांगितले जाते. उचल घेतलेल्या किंवा कंत्राटावरच्या माणसाची संमती कशी घेतली जाते, हे वकिलाला विचारा.

तेव्हा करायचे काय? परभणीहून रेल्वेने मराठवाड्याच्या राजधानीत उतरले की विद्यापीठामागे बुद्ध लेणी आहेत, पुढे वेरूळ आहे. तालुक्या-तालुक्यातील आपल्या मंडळांनी वर्षातून एकदा तरी लेणी सहल काढावी. पहाटे आसने करा, ध्यान करा, डोंगर चढा, शिलालेख वाचा. वाटेत दौलताबादचे टाके मुलांना दाखवा. ज्यांच्या हाती पगार आहे त्यांनी ऊसतोड कुटुंबातल्या एका मुलाचा किंवा मुलीचा खर्च उचलावा. आणि परतल्यावर ऊसतोड मजुराला पगारी साप्ताहिक सुट्टी मिळावी आणि खाड्याची पद्धत बंद व्हावी, ही मागणी प्रत्येक तालुक्यातून लेखी द्यावी. निवेदनाचा मसुदा करून द्यायला माझ्यासारखे वकील आहेत. सह्या गोळा करण्याचे काम मात्र सर्वांचे आहे. जयभीम!