भेगाळलेली टाच आणि काचेची डबी

महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात घरगुती क्रीम तयार करण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी सूचना कोणी केली की बैठकीत एक ठरावीक हसू पसरते. महागाईचा, जमिनीचा, वीजबिलांचा प्रश्न समोर पडलेला असताना तोंडाला फासायच्या मलमाची चर्चा कसली, असे ज्येष्ठ मंडळी विचारतात आणि सूचना करणारी भगिनी ओशाळून खाली बसते. हे हसू जितके जुने तितकेच अज्ञानमूलक आहे. मऊ त्वचा ही रिकामटेकड्या बायकांची हौस, असे त्यामागचे गृहीत आहे. गुडघाभर चिखलात दिवसभर भात लावणारी, बर्फातली कोळंबी सोलणारी, चार घरची भांडी साबणाने घासणारी बाई रात्री हातापायांच्या भेगांतून रक्त पुसते, हे त्या हसणाऱ्यांच्या हिशेबातच नसते. खेड्यातील स्त्रीच्या शौचालयाचा आणि चुलीच्या धुराचा प्रश्न डॉ. राममनोहर लोहियांनी राजकारणाच्या ओट्यावर आणून ठेवला, तेव्हाही काही जण असेच हसले असतील.

वस्तुतः कष्टकरी स्त्रीने आपल्या कातडीची काळजी घेण्याचे साधन फार पूर्वी शोधून काढले होते. ते कोकणात आजही पाहायला मिळते. त्याचे नाव मुठेल. एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस तोंडावर आलेला असताना, रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात घरोघरी रातांबे फोडले जातात. सालींची आमसुले होतात, रसाचे आगळ होते आणि खाली बियांचा ढीग उरतो. त्या बिया गर धुऊन उन्हात वाळवायच्या, टरफल काढायचे, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. मेद पाण्यावर तरंगून येतो; तो काढून घेतला की निवताना घट्ट होऊ लागतो, आणि मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. ही मूठच त्याच्या नावात राहिली आहे. कोणी त्याला भिरंडेल म्हणतात. पावसाळ्यात चिखल्या झालेल्या पायांना, हिवाळ्यात उललेल्या ओठांना, टाचांच्या भेगांना हा गोळा दिव्यावर जरासा ऊन करून चोळायचा, आणि उरलेला तुकडा गरम पेजेत टाकून खायचा. जे पोटात चालते तेच कातडीवर लावायचे, एवढी त्या व्यवहाराची सुटसुटीत नीती होती.

या मेदाचे गुण आजींच्या श्रद्धेवर अवलंबून नाहीत. त्यातला मोठा भाग स्टिअरिक आम्लाचा आणि त्याखालोखाल ओलेइक आम्लाचा आहे. म्हणून तो साध्या हवेत घट्ट राहतो, चाळीस अंशांच्या आसपास वितळतो, अंगावर चोळताच पसरतो आणि तरीही खोबरेलासारखा ओशट वाटत नाही. नेमक्या याच गुणांमुळे परदेशी प्रसाधन कंपन्यांची नजर त्यावर गेली.

आणि इथून त्या बीची कथा बदलते. आमसुले घालणाऱ्या घरातून बी व्यापाऱ्याकडे जाते, व्यापाऱ्याकडून कारखान्यात. तिथे तिचे तेल निघते, त्याचा रंग आणि वास काढून टाकला जातो आणि पांढऱ्या वड्यांच्या रूपाने ‘कोकम बटर’ युरोप-अमेरिकेच्या बाजारात रवाना होते. तिथून ते काचेच्या नाजूक डबीत बसते. डबीवर एक हिरवे पान छापलेले असते आणि ‘निसर्गाच्या कुशीतून’ अशा अर्थाचे काही लिहिलेले असते. मुंबई-पुण्याच्या चकचकीत दुकानांतही ती डबी मांडलेली दिसते. रातांबे फोडून जिच्या बोटांना आंबट रसाने चिरा पडल्या, त्या बाईने ती डबी विकत घ्यायची म्हटले तर किती दिवसांची मजुरी मोजावी लागेल, हा हिशेब कोणत्याही कार्यकर्त्याने एकदा दुकानात उभे राहून करून पाहावा. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले; त्याचे सत्कार झाले, हारतुरे झाले. बी विकणाऱ्या बाईच्या पदरात काय पडले, हे विचारायला त्या समारंभात कोणाला सवड नव्हती.

भांडवलशाहीचा डाव इथे दुहेरी आहे. पहिल्यांदा वस्तू घरातून उचलायची आणि मग ती बनवण्याचे ज्ञान घरातल्या बाईच्या मनातून पुसून टाकायचे. क्रीम म्हणजे प्रयोगशाळेत पांढरे कोट घातलेल्या शास्त्रज्ञांनी शोधलेले रहस्य, अशी समजूत रोजच्या जाहिरातींनी पक्की केली आहे. या रहस्यात आहे काय? दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गालेनच्या नावावर सांगितले जाणारे मलम मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी यांचे होते. अंगावर लावताच त्यातले पाणी उडून गारवा वाटे, म्हणून पुढे त्याला ‘कोल्ड क्रीम’ म्हणू लागले. पाणी, तेल आणि या दोन वैऱ्यांना एकत्र नांदवणारा तिसरा पदार्थ: अठराशे वर्षांनंतरही क्रीमचा सांगाडा एवढाच आहे. बाकी रंग, सुगंध, टिकाऊपणाची द्रव्ये आणि नटीचे हास्य.

त्वचेला ‘पोषण’ मिळते हा असाच एक जाहिरातशास्त्रातला पुराणप्रसंग. आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने १९५२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे तेलात ठेवले तर ते कडकच राहतात, पाण्यात ठेवले तर मऊ होतात. म्हणजे त्वचा मऊ राहते ती तिच्यातल्या पाण्यामुळे. तेल, मेण किंवा मुठेल त्या पाण्याला बाहेर पडू देत नाही, एवढेच त्याचे काम. म्हणून आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चोळलेले चिमूटभर मुठेल कोरड्या कातडीवर थापलेल्या महाग मलमाइतकेच, किंबहुना अधिक उपयोगी पडते. आणि ते पाणी मुळात उडते कशाने? ऊन, वारा, वय ही कारणे आहेतच. पण नित्याचे कारण साबण, जो त्वचेचा स्वतःचा मेद धुऊन नेतो. हिंदुस्थान लिव्हरच्या पूर्वसूरींनी १९३४ साली मुंबईत शिवडीला साबणाचा कारखाना काढला आणि त्याच घराण्याने पुढे क्रीमच्या डब्या विकल्या. एका हाताने काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने विकत द्यायचे, हा धंदा सावकारीहून फारसा वेगळा नाही.

याहून गंभीर गुन्हा मऊपणाची गोरेपणाशी गाठ मारण्याचा आहे. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आले. गोरी झाल्याशिवाय मुलीला नोकरी नाही, नवरा नाही आणि बापाला सुख नाही, हे सूत्र त्याच्या जाहिरातींनी घराघरांत रुजवले. २०२० साली, जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा, कंपनीने नावातले ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली. त्या काळात झालेला अपमान परत घेण्याची सोय कोणत्याच डबीत नाही. गोऱ्या कातडीला सौंदर्याचे सिंहासन मिळाले ते गोऱ्या राष्ट्रांच्या सत्तेमुळे, असा विचार लोहियांनी सौंदर्य आणि त्वचेचा रंग या विषयावरील निबंधात या क्रीमच्या कितीतरी आधी मांडला होता. समाजवादी कार्यकर्त्यांच्या घरांतल्या मुलींच्या कपाटांतही ती डबी सापडत होती, हे मात्र प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गोरे करण्याच्या नावाखाली पारा घातलेली मलमेही विकली जातात. दर दहा लाख भागांत एका भागाहून अधिक पारा असलेली प्रसाधने २०२० नंतर बनवू नयेत, असे २०१३ च्या मिनामाता कराराने ठरवले. भारतानेही तो करार मान्य केला. तरीही २०२३ साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात अशी मलमे वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे डॉक्टरांना आढळले. मुठेल कोणाला गोरे करत नाही. त्याच्या बाजूने बोलण्यासारखी ही पहिली गोष्ट.

परंतु कंपन्यांवर टीका करताना ‘घरचे ते सगळे चांगले’ या दुसऱ्या खड्ड्यात पडण्याचेही कारण नाही. हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोणीही उठून लिंबू चोळा, खाण्याचा सोडा लावा असे सांगते. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे आणि तो लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यासारखी काळवंडू शकते. सोडा अल्कधर्मी आहे आणि त्वचेचा किंचित आम्ल थर बिघडवतो. निसर्गात विषही असते. गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर घालून केलेले घरचे क्रीम तर कोकणच्या दमट हवेत लवकरच नासते. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीच त्यात जंतू वाढलेले असतात आणि भेगाळलेल्या कातडीवर ते लावणे म्हणजे रोगाला दार उघडून देणे होय. कारखान्यातल्या क्रीममध्ये टिकाऊपणाचे द्रव्य असते ते याचसाठी. त्याला सरसकट विष म्हणून शिव्या घालणे हा वैज्ञानिक दृष्टी सांगणाऱ्या चळवळीला न शोभणारा आळस आहे. जिथे पाणी तिथे टिकाऊ द्रव्य हवे. ते नको असेल तर पाणीच घालू नये.

म्हणून शिबिरात करायचे ते मलम बिनपाण्याचे असावे. मुठेल तीस ग्रॅम, तिळाचे तेल साठ ग्रॅम आणि मधमाश्यांचे शुद्ध मेण दहा ग्रॅम, एवढेच साहित्य. भांडे थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यात दुसरे भांडे ठेवून त्यात मेण आधी वितळवावे, मग मुठेल आणि तेल घालावे. सगळे एकजीव झाले की उतरवून, भांडे गार पाण्यात धरून, घट्ट होईपर्यंत घोटत राहावे, नाहीतर मलम रवाळ होते. मात्र पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. कोरड्या, स्वच्छ डबीत भरावे, ओले बोट बुडवू नये आणि खवट वास आला की टाकून द्यावे. प्रथम हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर ते आपल्यासाठी नाही. चेहऱ्यावर मुरुमे असणाऱ्यांनी ते हातापायांपुरतेच ठेवावे. तासाभराचे हे काम आहे आणि तेवढ्या तासात जाहिरातीच्या दहा वर्षांची भूल उतरते. रेशनच्या रांगेवर भाषण ऐकताना पेंगणाऱ्या बायका त्या भांड्याभोवती प्रश्न विचारू लागतील, हा लाभ वेगळाच.

एक धोका मात्र आत्ताच ओळखायला हवा. घरगुती उद्योगाच्या गोड नावाखाली बचत गटांतल्या बायकांना डबीमागे काही रुपये देऊन राबवून घ्यायचे आणि वर आपला छाप मारून माल चौपट भावाने विकायचा, हा प्रकार पापडांत झाला, अगरबत्तीत झाला. क्रीममध्येही होईल. त्याला महिला सबलीकरण म्हणणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. तसेच मलम हा मालकाच्या जबाबदारीला पर्याय नव्हे. सिमेंटमधल्या क्षारांनी आणि क्रोमियमने गवंड्याच्या हाताखालच्या बाईची बोटे फुटतात, तिथे मुठेलाची डबी पुरत नाही. हातमोजे आणि बूट लागतात आणि ते ठेकेदारानेच दिले पाहिजेत. बर्फात कोळंबी सोलणाऱ्या मुलींचेही तेच. ठेकेदार हातमोज्यांऐवजी मलम वाटू लागला तर ते त्याच्या तोंडावर परत फेकावे.

कोकणातल्या शाखांना करण्यासारखे काम समोर आहे. रातांब्यांचा हंगाम मेअखेर संपतो. त्याआधी गावोगाव बी कोण, कोणत्या भावाने उचलतो आणि तीच बी कारखान्याच्या दारात काय भावाने जाते, याची नोंद करावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठात कोकमावर वर्षानुवर्षे संशोधन चालले आहे. त्यांच्याकडे बी फोडण्याच्या आणि तेल काढण्याच्या लहान यंत्रांची चौकशी करावी आणि चार-पाच वाड्यांनी मिळून एक घाणा सहकारी तत्त्वावर उभा करता येतो का, याचा हिशेब मांडावा. बी सुटी विकायची नाही, मेद काढूनच विकायचा, एवढा निर्णय जरी काही वाड्यांनी एकजुटीने घेतला तरी व्यापाऱ्याला दारात येऊन भाव बोलावा लागेल. आणि पुढच्या महिला शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारच्या सत्रात मलमाचे प्रात्यक्षिक घालावे. हसणाऱ्या ज्येष्ठांना भांडे घोटायला बसवावे.