अठरा फूट दहा इंच

रमजान जवळ आला की घराघरांत साफसफाई सुरू होते, पडदे धुतले जातात आणि पुष्कळ ठिकाणी नव्या कार्पेटचा विषय निघतो. म्हणून या वेळी कार्पेटबद्दलच लिहिते. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण या महिन्याचा सगळा धडा त्या चुकीतूनच निघाला आहे.

आमच्या मोहल्ल्यात मशिदीला लागून एक खोली आहे. दुपारी तिथे मुली कुरआन शिकायला येतात आणि रमजानमध्ये बायका नमाज पढतात. जमिनीवर जुन्या सतरंज्या होत्या, त्याही विरलेल्या. गुडघेदुखी असलेल्या म्हाताऱ्या बायकांना सजद्यातून उठताना फार त्रास व्हायचा. म्हणून बायकांनी मिळून पैसे जमवले. कोणी भिशीतून दिले, कोणी मशीनवर कपडे शिवून. विडी वळणाऱ्या एका खालाजान दर आठवड्याला दहा रुपये आणून द्यायच्या आणि माझ्या वहीत लिहून घ्यायच्या. खोली मोजायचं कामही माझ्याकडेच आलं. "टीचर गणित शिकवतात, त्यांचं माप चुकणार नाही," असं सगळ्यांचं मत पडलं.

मी मोजलं. किब्ल्याच्या दिशेने खोलीची खोली १५ फूट १० इंच भरली आणि आडवी लांबी १८ फूट १० इंच. घाईघाईत चिठ्ठीवर मी लिहिलं, १५.१० आणि १८.१०. दुकानदाराने ते दशांश समजून वाचलं. १८.१० म्हणजे त्याच्या लेखी १८ फूट आणि एका फुटाचा दहावा भाग, म्हणजे जेमतेम १८ फूट १ इंच. त्याने तशाच चार पट्ट्या कापल्या. अंथरल्यावर एका बाजूच्या भिंतीपासून जवळजवळ ९ इंच फरशी उघडी राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापलेला माल परत घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच.

सातवीच्या वर्गात दशांश अपूर्णांक मीच शिकवते. एका फुटात १२ इंच असतात, दहा नाहीत, म्हणून १० इंच म्हणजे १० भागिले १२, म्हणजेच ०.८३ फूट. १८ फूट १० इंच हे १८.८३ असं लिहायला हवं होतं. मुलांच्या वहीत या चुकीला मी लाल रेघ मारते. इथे तर पैसा साठ-सत्तर बायकांचा होता, अमानत होती. रात्री झोप लागली नाही. मनात एकदा असंही आलं, की दुकानदारानेच चूक केली असं सांगावं. चिठ्ठी माझ्याकडेच होती, कोण बघणार होतं? पण मापतोलात कमी करणाऱ्यांविषयी कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन, आणि ती त्याच खोलीत मुलींकडून पाठ करून घेतली जाते. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी सगळ्यांसमोर ठेवली आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी माप कसं घ्यायचं ते पाहू, म्हणजे तुमच्यावर ही वेळ यायची नाही.

पहिली गोष्ट टेपची. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती वापरून वापरून ताणली जाते. लोखंडी टेप घ्या. तिच्या टोकाची कडी किंचित हलते म्हणून ती बिघडली असं समजू नका. कडी अडकवून ओढलं काय किंवा भिंतीला टेकवून ढकललं काय, माप बरोबर यावं म्हणून ती स्वतःच्या जाडीएवढी मुद्दाम हलती ठेवलेली असते. कोपऱ्यात टेप वाकवून अंदाजाने वाचू नका. टेपची डबीच भिंतीला टेकवा आणि डबीची लांबी त्यात मिळवा. बहुतेक डब्यांवर ती छापलेली असते.

दुसरी गोष्ट, एकदा मोजून थांबू नका. लांबी तीन ठिकाणी घ्या: दोन्ही भिंतींलगत आणि मधोमध. रुंदीचंही तसंच. जुन्या घरांच्या भिंती सरळ नसतात, तीन मापं तीन येतात. त्यांतलं सर्वांत मोठं धरायचं. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत, तर खोली तिरकी आहे असं समजा.

तिसरी गोष्ट, दार, कोनाडे आणि कपाटं. दाराच्या चौकटीत कार्पेट बंद दाराच्या खाली, पाटाच्या जाडीच्या मध्यापर्यंत जायला हवं, म्हणून माप भिंतीपाशी थांबवू नका, उंबऱ्यात न्या. आत शिरलेला कोनाडा वेगळा मोजा. दार आत उघडत असेल, तर दाराच्या खालून कार्पेट आणि त्याखालचा फोम यांची जाडी जाते का, तेही बघा. नाहीतर सुतार बोलवावा लागतो.

चौथी गोष्ट, वाढावा. भिंतीपर्यंत बसवायच्या कार्पेटला प्रत्येक दिशेने तीन-चार इंच जास्त धरा. जास्तीचं कापता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही.

पाचवी गोष्ट म्हणजे क्षेत्रफळ काढून तेवढंच कार्पेट मागू नका. कार्पेट रोलमध्ये येतं आणि रोलची रुंदी ठरलेली असते. घरच्या खोल्यांसाठी १२ फुटी रोल मिळतो, सफवालं कार्पेट बहुधा ४ फुटांच्या आसपास असतं. आमच्या खोलीचं क्षेत्रफळ २९८ चौरस फूट. पण ४ फुटांच्या चार पट्ट्या, प्रत्येकी १९ फूट २ इंच लांब, म्हणजे सुमारे ३०७ चौरस फूट घ्यायला हवं होतं. आणि 'चार फुटी' रोल दुकानातच मोजून बघा. तो १२० सेंटीमीटरचा असेल, तर चार फुटांपेक्षा पाऊण इंच कमी असतो, आणि चार पट्ट्यांत तीन इंच जातात. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला झुकलेली हवी. एक पट्टी उलटी बसली, तर उजेडात तिचा रंग वेगळा दिसतो.

नमाजच्या खोलीसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडून किब्ला अगदी सरळ पश्चिमेला नाही, थोडा उत्तरेकडे झुकलेला आहे. मुंबईहून साधारण १० अंश, सोलापूरहून १२ अंश. आमची खोली मशिदीच्या भिंतीला धरून बांधलेली, म्हणून अडचण आली नाही. पण घराच्या भिंती सरळ पूर्व-पश्चिम असतील आणि सफा किब्ल्याच्या रेषेत हव्या असतील, तर पट्ट्या तिरक्या टाकाव्या लागतात आणि कोपऱ्यांत तुकडे वाया जातात. एवढ्याच खोलीत १२ अंशांचा फरक असता, तर चारऐवजी पाच पट्ट्या लागल्या असत्या. अशा वेळी बिनरेघांचं कार्पेट भिंतीला धरून घालावं आणि सफेच्या रेघा वरून आखून घ्याव्यात. थोड्या फरकाने नमाजवर काय परिणाम होतो, तो मसला उलेमांना विचारा. मी फक्त मापाचं सांगते.

सहावी आणि शेवटची गोष्ट: खोलीची आकृती कागदावर काढा, दाराची जागा दाखवा आणि माप 'फूट' व 'इंच' हे शब्द घालूनच लिहा. मधे टिंब देऊ नका. दुसऱ्या कोणाकडून एकदा मोजून घ्या आणि दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावा.

आता राहिलेली गोष्ट. बायका थोडा वेळ गप्प बसल्या. कोणी रागावेल अशी माझी तयारी होती. मग त्या विडी वळणाऱ्या खालाजान उठल्या, उघड्या फरशीवर वीत ठेवून बघितली आणि म्हणाल्या, "टीचर, मुलींचे सिपारे खिडकीत पडलेले असतात. इथं फळ्या लावा की."

तसंच केलं. पूर्ण भिंतीला ९ इंच खोलीची लाकडी फडताळं बसवली. सुताराचे पैसे मी दिले, ते माझ्यावर होतेच. सिपारे, रेहल, तसबीह सगळं आता तिथे नीट राहतं. ती चिठ्ठी मी फाडली नाही. दर वर्षी सातवीच्या मुलांना दाखवते आणि विचारते, यात चूक कुठे आहे? कोणी ना कोणी लगेच हात वर करतं.

अल्लाह हाफिज.