रोल परतला, निगेटिव्हचं काय?

कॉलेज रोडच्या कट्ट्यावर हल्ली एखाद-दुसऱ्या गळ्यात जुना कॅमेरा लटकलेला दिसतो. बाबांचा यशिका, मामाचा कोडॅक केबी-१०, अगदीच नशीब असेल तर आजोबांचा आग्फा क्लिक थ्री. कपाटाच्या वरच्या फळीवर, लग्नाच्या अल्बमशेजारी पंधरा-वीस वर्षं पडून असलेला. केस फाटलेली, आत सेल गळून हिरवा झालेला. तरी शटर दाबलं की 'खट्' वाजतं आणि सगळे वळून बघतात.

हौस स्वस्त नाही. रंगीत रोल, तो धुणं आणि स्कॅन करणं असं सगळं धरलं तर हजार-दीड हजार सहज जातात. रोलवर फोटो छत्तीस. म्हणजे एक क्लिक साधारण दोन वडापावांना पडतो. फोकस चुकला तरी वडापाव गेलेच. आणि तरीही मुलं रोल घेतायत.

ही नुसती इन्स्टावरची हवा आहे का? पूर्ण तशी नाही. कोडॅकने २००९ मध्ये आपला लाडका कोडाक्रोम बंद केला आणि २०१२ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. तेव्हा फिल्म संपली असं सगळ्यांनी धरलं होतं. मग २०१८ मध्ये बंद पडलेला एक्टाक्रोम परत आला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तर कोडॅकने रॉचेस्टरचा फिल्मचा कारखाना काही आठवडे थांबवला, कशासाठी, तर उत्पादन वाढवता यावं म्हणून. त्याच वर्षी पेंटॅक्सने 'पेंटॅक्स १७' हा नवा कोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. फिल्म पुढे सरकवायची यंत्रणा पुन्हा बनवताना कंपनीला आपल्या निवृत्त इंजिनिअर्सची मदत घ्यावी लागली. कॅमेरा अर्ध्या फ्रेमचा आहे, छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो बसतात, आणि फोटो उभा येतो. का? मोबाइलच्या स्क्रीनवर नीट बसावा म्हणून! रोलचं पुनरागमनसुद्धा शेवटी मोबाइलच्या मापाचंच आहे, हे मला भारी वाटतं.

उलट बाजूही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये याच कोडॅकने, कर्जांच्या ओझ्यामुळे आपण पुढे चालू राहू की नाही याबद्दल शंका आहे, असं गुंतवणूकदारांना कळवलं होतं. आणि आपल्याकडे? उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी होती, १९६० मध्ये स्थापन झालेली. तिचा 'इंदू' ब्रँडचा ब्लॅक अँड व्हाइट रोल एके काळी गावोगावच्या स्टुडिओत असायचा. ती बंद पडली. आता आपण जो रोल हौसेने घेतो तो बाहेरून येतो. त्यात चांदीचे क्षार असतात, आणि चांदीने २०२५ मध्ये किलोला लाखाचा टप्पा ओलांडला हे नाशिकच्या सराफ बाजारात कुणालाही विचारा. रोल स्वस्त होईल अशी आशा नकोच.

मग एवढे पैसे घालून आपण नक्की काय विकत घेतो? विचारलं की उत्तर येतं, 'ग्रेन', 'व्हाइब', 'अ‍ॅस्थेटिक'. पण ग्रेनचा फिल्टर फुकट मिळतो. मला वाटतं खरं उत्तर आपल्या टी-शर्टवर आहे.

फिल्मवेड्यांच्या मूडबोर्डवर रॉक बँडचे फोटो हमखास असतात. तेच फोटो फूटपाथवर तीनशे रुपयांच्या टी-शर्टवरही असतात. त्यातल्या काहींची गोष्ट बघा.

१८ जून १९६७, कॅलिफोर्नियातला माँटेरे पॉप फेस्टिव्हल. दुपारी पंडित रविशंकर यांची सतार झाली. रात्री जिमी हेंड्रिक्सने स्टेजवर गिटारवर लायटर फ्लुइड ओतलं आणि ती पेटवली. समोर एड कॅराफ नावाचा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा मागून आणलेला कॅमेरा घेऊन खुर्चीवर उभा होता. त्याच्या रोलमध्ये एकच फ्रेम उरली होती. ती त्याने दाबली. गुडघ्यावर बसलेला हेंड्रिक्स आणि समोर जळती गिटार, हा रॉकचा सगळ्यात गाजलेला फोटो म्हणजे एका पोराच्या रोलची शेवटची फ्रेम. (वाद्य जाळणं रविशंकर यांना सहन झालं नव्हतं. दसऱ्याला तबल्या-पेटीला झेंडू वाहणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही ते लगेच समजेल.)

दुसरी गोष्ट सप्टेंबर १९७९ ची. न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये 'द क्लॅश'चा पॉल सिमनन चिडून आपला बेस जमिनीवर आपटत होता. पेनी स्मिथ ही फोटोग्राफर त्याच्या वाटेत होती. ती मागे सरकत सरकत क्लिक करत राहिली आणि फोटो फोकसमधून गेला. 'लंडन कॉलिंग'च्या कव्हरवर हा फोटो घेऊ नका, तो धड नाही, असं तिचंच म्हणणं होतं. बँडने ऐकलं नाही.

तिसरी तुम्हाला माहीत असेल. ८ ऑगस्ट १९६९, लंडनचा अ‍ॅबी रोड. पोलिसाने वाहतूक थांबवली, इयन मॅकमिलन शिडीवर चढला, बीटल्स झेब्रा क्रॉसिंगवरून ये-जा करत राहिले. दहा मिनिटांत सहा फोटो. पाचवा कव्हरवर गेला. सहा! आपण कॅन्टीनच्या मिसळीचे याहून जास्त काढतो.

या गोष्टी सांगून 'बघा, मर्यादेत कशी कला फुलते' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. कारण पेनी स्मिथच्या हातात आजचा कॅमेरा असता तर? मागच्या स्क्रीनवर धूसर फोटो दिसला असता, अंगठा डिलीटवर गेला असता, विषय संपला. फिल्मने तिला ती सोय दिली नाही. रोल धुतला गेला, निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर मांडून कॉन्टॅक्ट शीट निघाली, त्यातली चुकलेली फ्रेमही चांगल्या फ्रेमच्या शेजारी बसून राहिली. आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेला ती दिसली. कमी फोटो निघाले हा भाग आहेच. पण जे निघाले ते सगळे उरले, हा भाग मला जास्त मोठा वाटतो.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पन्नाशीच्या दशकात फारुख बलसारा नावाचा मुलगा शिकत होता. शाळेतल्या पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, हा त्यात पियानो वाजवायचा. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७४ मध्ये मिक रॉकने 'क्वीन टू'साठी काढलेला काळ्या पार्श्वभूमीवरचा चार चेहऱ्यांचा फोटो जगाला पाठ आहे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या व्हिडिओत तोच पुन्हा उभा केलाय. मिक रॉक नामांकित होता, त्याचे निगेटिव्ह जपले जाणारच होते. पण हेक्टिक्सचे फोटो? शाळेच्या बँडच्या फोटोला तेव्हा काय किंमत होती? कुणीतरी फेकला नाही, एवढ्यामुळे आज तो फ्रेडीच्या चरित्रांत छापता येतो.

मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनला १९८० मध्ये 'द पोलीस' वाजवून गेले, पुढे तिथेच वर्षानुवर्षं इंडिपेन्डन्स रॉक गाजला. त्या रात्री किती जण कॅमेरे घेऊन आले असतील. ते रोल कुठल्या कपाटात असतील?

आता आपलं बघा. आपण रोल कुरिअरने लॅबला पाठवतो. आठवड्याने ड्राइव्हची लिंक येते. डाउनलोड, स्टोरी, हॅशटॅग. निगेटिव्ह? ते परत मागवायचे तर कुरिअरचे पैसे वेगळे, म्हणून बरेच जण ते लॅबमध्येच सोडतात आणि ठरावीक मुदतीनंतर लॅब ते टाकून देते. म्हणजे दीड हजार खर्चून हातात काय उरलं, तर एक जेपेग. फोनने काढला असता तसाच. फिल्मची जी एकमेव गोष्ट फोनकडे नाही तीच आपण कचऱ्यात टाकतो आणि ग्रेन तेवढा ठेवतो. इन्स्टॅक्सचं निदान सरळ आहे, त्याला निगेटिव्हच नसतो. पण पस्तीस मिलीमीटरवाल्यांनी तरी असं करू नये.

हे मी त्र्यंबकची म्हणून जरा जास्तच मनाला लावून घेते. धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी आमच्याच गावात जन्मले. दादासाहेब सिनेमावाले म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण ते आधी फोटोग्राफर होते. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला होता. आणि हे दोन धंदे लांबचे नाहीत. आपल्या कॅमेऱ्यातला रोल मुळात सिनेमाचीच पट्टी आहे. ऑस्कर बार्नाकने ती पस्तीस मिलीमीटरची पट्टी आडवी वापरून छोटा कॅमेरा केला, तो १९२५ मध्ये लायका म्हणून विक्रीला आला. पट्टीच्या दोन्ही कडांना जी भोकं दिसतात ती सिनेमाच्या यंत्रासाठीची. फाळक्यांच्या वेळी फिल्म भोकांशिवाय यायची आणि भोकं पाडायचं यंत्र वेगळं घ्यावं लागे. घरातलं सगळं आवरून रात्री अंधारात ती भोकं पाडायचं, फिल्म धुवायचं काम सरस्वतीबाई फाळके करत. डार्करूम लावायला जागा नाही असं म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी हे एकदा आठवावं.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. मग फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि पुढचे चित्रपट इथे केले. आयुष्यभरात नव्वदहून जास्त. त्यातलं आज काय बघायला मिळतं? मोजके तुकडे. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं उरलं, आणि तीही १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. जे उरलं ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांपर्यंत जाऊन मिळवलं म्हणून. त्यांनी वेळेत प्रती काढून घेतल्या हेही बरं झालं, कारण जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाचा जुन्या नायट्रेट फिल्म्सचा मोठा साठा जळाला.

२००३ हे आमच्यासाठी आणखी एका कारणाने लक्षात राहणारं वर्ष. त्या वर्षी नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ होता. मी त्याच वर्षी जन्मले. माझे पहिले फोटो रोलवरचे आहेत, धाकट्या भावाचे मेमरी कार्डवरचे, आणि ते कार्ड आता उघडत नाही. सिंहस्थाचंही तसंच झालं. २००३ मध्ये गावातले स्टुडिओवाले आणि बरेच वार्ताहर रोल भरूनच कुशावर्ताकडे आणि रामकुंडाकडे धावत होते. २०१५ ला सगळं डिजिटल होतं, भाविकांच्या हातातसुद्धा. म्हणजे फिल्मवर टिपलेला शेवटचा सिंहस्थ तो. त्याच पर्वात २७ ऑगस्टला नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. त्या दिवसाचे अहवाल सरकारी कपाटात आहेत. पण ते रस्ते तेव्हा किती अरुंद होते, घाटाकडे उतरणारी वाट कशी होती, लोक कुठे उभे होते, हे निगेटिव्हवर आहे. आता २०२७ च्या पर्वस्नानांसाठी रस्ते, घाट सगळं बदलतंय. बदलायच्या आधीचं गाव बघायचं तर बघणार कुठे?

जुने स्टुडिओ एकेक करून मोबाइल कव्हर आणि रिचार्जची दुकानं झाले. पुढची पिढी लग्नाचे ड्रोन शूट करते. मागच्या खोलीत मिठाईच्या खोक्यांत निगेटिव्हची पाकिटं असतात, पाकिटावर नंबर, तारीख, कधी नुसतं आडनाव. जागा लागली की पहिलं ते खोकं बाहेर जातं. आणि आमच्या पावसाचं काय सांगावं. त्र्यंबकला चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. निगेटिव्ह एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते आणि मग चेहऱ्याच्या जागी नक्षी उरते.

ज्यांनी या वर्षी फिल्मवर दीड हजार घातलेत त्यांना माझी सूचना आहे, पुढचा एक रोल घेऊ नका. तेवढ्या पैशात आपल्या गावातल्या एका स्टुडिओचं एक खोकं वाचतं. काकांना विचारा, बहुतेक जण आनंदाने उघडून दाखवतात, चहाही पाजतात. फोटो त्यांचा आहे, गिऱ्हाइकाचा आहे, हे मात्र विसरू नका. परवानगीशिवाय एकही फ्रेम इन्स्टावर टाकायची नाही. टॅबवर पांढरा स्क्रीन लावून, त्याच्यापासून थोडी वर निगेटिव्हची पट्टी धरून फोनने कॉपी करता येते, रंग उलटवायला कुठलंही फुकट अ‍ॅप चालतं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, त्यांचं वस्तुसंग्रहालयही आहे. अशा संस्थेकडे शहराच्या निगेटिव्हसाठी एक कपाट मागायला कुणाची हरकत असावी? फोटोग्राफी क्लबच्या नुसत्या 'फोटोवॉक'पेक्षा हे काम मला जास्त मजेचं वाटतं, आणि पावसाळ्यापूर्वी करायचं तर हातात फार महिने नाहीत.

पट्ट्या कडेनेच धरा, बोटाचे ठसे जात नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी साधी कागदी पाकिटं घ्या आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या डब्यात येतात त्याच. पाकिटावर नाव, गाव, साल लिहायचं ते पट्टी आत सरकवायच्या आधी आणि पेन्सिलीने. बॉलपेनची शाई दमट हवेत आतल्या निगेटिव्हवर उतरते.