विश्लेषण : एआय निष्पक्ष आहे, हे मोजायचे कोणत्या मापाने?

एआय प्रणाली इतके टक्के अचूक आहे, असे सांगितले की अनेकांचे समाधान होते. पण उरलेल्या चुकांचा भुर्दंड कोणाला बसतो, हे त्या आकड्यातून कळत नाही. अमेरिकेतील ‘कॉम्पास’चा वाद हेच दाखवतो.

काय होता हा वाद?

आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, याचे १ ते १० असे गुण ‘कॉम्पास’ हे सॉफ्टवेअर देते. अमेरिकेतील काही न्यायालयांत हे गुण न्यायाधीशांसमोर ठेवले जातात. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीत २०१३ आणि २०१४ मध्ये अटक झालेल्या सात हजारांहून अधिक जणांचे गुण तपासून मे २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण अचूकतेत कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्यात फार फरक नव्हता. मात्र ज्यांच्यावर पुढे नवा गुन्हा नोंदलाच गेला नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के जणांना धोकादायक ठरवले गेले होते. गोऱ्यांत हेच प्रमाण साडेतेवीस टक्के होते.

कंपनीचे म्हणणे काय?

नॉर्थपॉइंट कंपनीने दुसरे माप पुढे केले. धोकादायक ठरलेल्यांपैकी खरोखर पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे आहे. मग पक्षपात कुठे?

दोघेही बरोबर कसे?

समजा, दोन गटांत प्रत्येकी १०० जण आहेत. पहिल्या गटातील ५० आणि दुसऱ्यातील २० जणांवर पुढे गुन्हा नोंदला जातो. प्रणालीने पहिल्या गटातील ५० जणांना धोकादायक ठरवले, त्यातले ३० अंदाज खरे ठरले. दुसऱ्या गटात २० जणांना ठरवले, त्यातले १२ खरे ठरले. दोन्हीकडे ६० टक्के अंदाज बरोबर. पण पहिल्या गटात ५० निर्दोषांपैकी २० जणांवर, म्हणजे ४० टक्क्यांवर, चुकीचा शिक्का बसला. दुसऱ्यात ८० पैकी ८ जणांवर, म्हणजे अवघ्या १० टक्क्यांवर.

जॉन क्लाइनबर्ग, सेंधिल मुल्लैनाथन आणि मनीष राघवन यांनी २०१६ मध्ये हा पेच गणिताने मांडला. गटांतील मूळ प्रमाण वेगळे असेल आणि अंदाज शंभर टक्के अचूक नसेल, तर निष्पक्षतेच्या या कसोट्या एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत. शिवाय ते ‘मूळ प्रमाण’ही पोलिसांच्या नोंदींतून येते. ज्या वस्तीत गस्त जास्त, तिथे नोंदीही जास्त.

मग निवड कोणी करायची?

कोणते माप निवडायचे, हा गणिताचा प्रश्न उरत नाही. कोणती चूक समाजाला अधिक अन्यायकारक वाटते, याचा तो निर्णय आहे. जिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते, तिथे निर्दोषांवर बसणारा चुकीचा शिक्का हेच पहिले माप असायला हवे. तो निर्णय सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीवर सोडता येणार नाही.

आपल्याला हे का कळायला हवे?

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात एआय आणण्यासाठी ‘मार्व्हल’ ही संस्था स्थापन केली. तंत्रज्ञान जरूर यावे, पण वापराआधी तीन गोष्टी जाहीर व्हाव्यात : गटनिहाय चुकांचे प्रमाण, निवडलेले माप व त्यामागचे कारण, आणि चुकीचा शिक्का बसलेल्याने दाद कुठे मागायची. जात-धर्माचा रकाना काढून टाकला की भेद संपतो, असेही नाही. आडनाव आणि पिनकोड बरेच काही सांगून जातात. उलट तपासणीसाठीही गटांची माहिती ठेवली नाही, तर भेदभाव मोजण्याची सोयच उरत नाही. म्हणून ‘आमची प्रणाली निष्पक्ष आहे’ असा दावा कोणी केला, तर नागरिकांनी आधी विचारावे : कोणत्या मापाने?