हरणांचं रान सरकारी, भुर्दंड मात्र शेतकऱ्याला

येवला तालुक्याच्या ईशान्य भागातील शेतकऱ्याला काळवीट नवीन नाही. ममदापूर, राजापूर, देवदरी, खरवंडी या गावांच्या माळावर हरणांचे कळप पिढ्यान्पिढ्या चरत आले आहेत. पाऊस झाला की नुकत्याच उगवलेल्या मुगा-मक्याच्या कोंबांवर त्यांची धाड पडते. उन्हाळ्यात हीच हरणं पाण्यासाठी वणवण करतात. कधी कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, कधी रस्त्यावर गाडीखाली येतात, तर कधी कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. विहिरीतलं हरीण दोर लावून वर काढायला गावातलीच पोरं उतरतात, आणि सकाळी शेत फस्त झालेलं पाहून कपाळाला हातही गावातलाच माणूस लावतो.

येथील सुमारे ५४ चौरस किलोमीटर वनजमीन २०१४ मध्ये राखीव संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर झाली. त्याआधी २००८ मध्ये नाशिकजवळच्या बोरगडला हा दर्जा मिळाला होता आणि राज्यातलं ते पहिलंच क्षेत्र ठरलं. २०२०-२१ मध्ये आंबोली-दोडामार्ग, चंदगड, गगनबावडा, विशाळगड, मायणी असे आणखी पट्टे या यादीत आले. तेव्हा हा प्रश्न एका तालुक्यापुरता राहिलेला नाही. तरीही 'अभयारण्य झालं, आता गुरं चारायची बंद, जमीन विकायची बंद' ही भीती गावोगाव कायम आहे. ही भीती अगदीच निराधार आहे असं म्हणता येणार नाही, कारण तिला इतिहास आहे.

माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! नकाशावर रेघ ओढताना गावं, बाजारपेठा, बागायती शेतं, सगळंच आत घेतलं गेलं. परिणामी जमिनीचे व्यवहार अडले, रस्ते-कालव्यांची कामं परवानगीत अडकली आणि माळढोक म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडू लागली. अखेर २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर तीन दशकं निघून गेली होती. माणसांची नाराजी पदरात पडली ती पडलीच, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो पक्षी आज तिथे क्वचितच दिसतो. लोकांना विरोधात उभं करून रान राखता येत नाही, हा त्यातला धडा.

राखीव संवर्धन क्षेत्राची तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली आणि २००३ पासून लागू झाली. ती अभयारण्यापेक्षा वेगळी आहे, हे शेतकऱ्याने नीट समजून घेतलं पाहिजे. पहिली गोष्ट, हे क्षेत्र फक्त सरकारी मालकीच्या जमिनीवर जाहीर करता येतं. खासगी सात-बारा त्यात येत नाही. दुसरी गोष्ट, जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणं सरकारवर बंधनकारक आहे. तिसरी गोष्ट, अभयारण्यात लोकांचे हक्क तपासून त्यांचा निवाडा करण्याची जी प्रक्रिया असते, ती इथे लागू नाही. वणवा लावणं, विषारी किंवा स्फोटक पदार्थ वापरणं याला मात्र सक्त मनाई आहे. शिकार तर कुठेच चालत नाही. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या क्षेत्रासाठी व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तीत वनखात्याचा प्रतिनिधी सदस्य-सचिव असतो. हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संस्थांचे तीन आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचा एकेक प्रतिनिधी असतो. म्हणजे गावाला टेबलावर खुर्ची दिली आहे. मेख एवढीच, की ही समिती सल्ला देणारी आहे. निर्णय वरच्या साहेबांचा. आणि सल्ला द्यायलासुद्धा समिती बसली पाहिजे, तिचं इतिवृत्त लिहिलं गेलं पाहिजे. किती गावांत आपला प्रतिनिधी कोण हे ठाऊक आहे? ग्रामसभेत हा प्रश्न एकदा विचारून पाहावा.

सरकारी जमिनीवर सीमा आखली, तरी हरणाला ती सीमा कळत नाही. रानात गवत आणि पाणी असेल तर ते रानात थांबेल, नसेल तर बांध ओलांडणारच. म्हणून पाणवठे मार्चआधी भरणं, गवताची कुरणं राखणं, उघड्या विहिरींना कठडे बांधणं ही कामं पाटी लावण्यापेक्षा जास्त मोलाची. माळावर झाडंच झाडं लावण्याचा सोसही आवरला पाहिजे. काळवीट उघड्या गवताळ रानातला प्राणी आहे, त्याला दाट जंगल नको असतं.

राहिला प्रश्न नुकसानभरपाईचा. हरणाने खाल्लेल्या पिकाची भरपाई मिळते, पण त्यासाठी अर्ज वेळेत गेला पाहिजे, पंचनामा झाला पाहिजे. दोन-चार गुंठ्यांच्या नुकसानीसाठी हेलपाटे कोण घालणार, असं म्हणून अनेकजण तो नाद सोडतात. मग कागदावर नुकसान दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून तरतूदही वाढत नाही. ग्रामपंचायतीने पेरणीच्या हंगामात असे अर्ज एकत्र गोळा करून पाठवले, तर हे चक्र मोडेल. चराईचा जुना हक्क असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करण्याचा मार्गही गावापुढे आहे.

आपल्याकडच्या माणसाने हरणाचा दुस्वास केलेला नाही. केला असता तर हे कळप आजवर उरलेच नसते. सरकारने या समजूतदारपणाला गृहीत धरू नये. माळढोकाच्या वेळी जे झालं ते काळविटाच्या वाट्याला येऊ द्यायचं नसेल, तर पुढच्या पावसाआधी समितीची बैठक गावात, चावडीवर घ्यावी.