आकसला की कापला?

मंडळी, सोयाबीनचा हंगाम आला की बाजारात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "दाणा सुरकुतलाय, भाव नाही मिळणार." शब्द साधाच, पण त्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. म्हणून जरा नीट बघू.

पोचट म्हणजे जो दाणा भरलाच नाही तो. आकसलेला म्हणजे भरता भरता वाळून लहान झालेला. सुरकुतलेला म्हणजे सालीला वळ्या पडलेला. कारणंही वेगळी आहेत. शेंगा भरताना पावसानं ओढ दिली की दाणा आकसतो. पीक तयार झाल्यावर पाऊस-ऊन, पाऊस-ऊन झालं की साल फुगते, वाळते आणि सुरकुतते. दोन्हीत शेतकऱ्याचा दोष काय? काट्यावर मात्र सगळ्याला एकच शिक्का, "माल हलका."

वर सांगतात, निकष म्हणजे निकष. पण 2022 च्या मार्चमधल्या उष्णतेनं पंजाब-हरियाणात गहू आकसला, तेव्हा केंद्रानं आकसलेल्या-तुटक्या दाण्यांची मर्यादा 6 वरून 18 टक्क्यांवर नेली, तीही भाव न कापता. नोव्हेंबर 2024 मध्ये सोयाबीनच्या ओलाव्याची अट 12 वरून 15 टक्के केली. म्हणजे निकष हलतात. फक्त ते खरेदी सुरू होण्याआधी हलायला हवेत. शेतकऱ्यानं पडेल भावात माल विकून टाकल्यावर नव्हे.

आता थोडं आम्हा बातमीवाल्यांबद्दल. 'आकसणे' हे आपोआप घडतं. ऊन लागलं, दाणा आकसला. कुणी केलं नाही. पण बातमीत काय येतं? "निधी आकसला", "एसटीच्या फेऱ्या आकसल्या." अहो, निधी काय उन्हात वाळत घातला होता? तो कुणीतरी कापला. फेरी कुणीतरी बंद केली. कागदावर सही आहे त्याची. वाक्यातून कर्ता गेला की जाब विचारायला माणूसच उरत नाही.

तेव्हा दाणा आकसला असेल तर त्याला आकसलाच म्हणा, आणि त्याची शिक्षा शेतकऱ्याला देऊ नका. निधी कापला असेल तर कापला म्हणा, आणि कुणी कापला तेही छापा.

तुमच्या भागात अशा दाण्याला काय म्हणतात? खाली नक्की लिहा. आणि यंदा काट्यावर काय ऐकवलं, तेही लिहा.